सामानाजवळ कोण बसणार?



जानेवारीत आमच्या नार्नूरची अकरा मुलं घेऊन आम्ही कळसूबाई शिखरावर जाऊन आलो. तेव्हापासून दोन-तीन धर्मग्रामांतून विचारणा झाली की, आमच्याही युवकांना नेता येईल का, किती चालावं लागतं, मुलींना जमेल का. त्याची उत्तरं मी या लेखात देणार आहे. पण त्याबरोबर एक गोष्ट सांगायची आहे, जी कुणी विचारलेली नाही. ती मलाच सांगायची नव्हती, म्हणून लिहायला इतके दिवस लागले.

आधी डोंगराविषयी. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, उंची १,६४६ मीटर. अकोले आणि इगतपुरी या दोन तालुक्यांच्या सीमेवर ते आहे. पायथ्याचं बारी हे गाव अकोले तालुक्यात येतं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. उंची ऐकून घाबरू नका. बारीपासून वाट एका बाजूला साधारण सहा-सात किलोमीटर आहे, चढ आठशे-नऊशे मीटरचा आहे, आणि जिथे सरळ कडा लागतो तिथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. दोर नको की गिर्यारोहणाचं शिक्षण नको. म्हणूनच पहिल्यांदा डोंगर चढणारे हजारो लोक तिथे जातात. सर्वांत उंच शिखर सर्वांत अवघड असतंच असं नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

आमच्याकडेही डोंगर आहेत. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना सातमाळा म्हणतात, आणि नाशिककडच्या एका रांगेचंही नाव सातमाळाच आहे. पण आमचे डोंगर बुटके, सागाचे, गुरं चारून दुपारी घरी परतता येईल असे. कापूस वेचायला जाताना आम्ही त्यातला एखादा ओलांडतो आणि त्याला डोंगर चढणं म्हणत नाही. मुलांना महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर पाहायचं होतं कारण आम्ही तेलंगणात राहून घरी मराठी बोलतो, आणि हे नाव त्यांनी पाहुण्यांकडून ऐकलं होतं. आमचे फादर केरळचे. ते हसून म्हणाले, "१,६४६ म्हणजे आमच्याकडे टेकडी. सह्याद्रीचं खरं टोक आनमुडी, २,६९५ मीटर!" मुलांना ते मुळीच आवडलं नाही. मग फादरच सगळ्यांत उत्साहाने तयार झाले.

एक अडचण आली, तीही सांगते, कारण तुमच्याकडेही येईल. आमच्या एका ज्येष्ठ काकांनी रविवारी मिस्सेनंतर विचारलं, "तो डोंगर देवीचा. वर देऊळ आहे. आपण तिथे कशाला?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. फादरांनी त्यांना सांगितलं की, डोंगर देवाने केला आहे आणि देऊळ तिथल्या लोकांचं आहे. आपण पाहुणे म्हणून जाऊ, पाहुण्यासारखे वागू. मुलांना मी तीन गोष्टी बजावल्या: देवळाजवळ आरडाओरडा नाही, कुणाच्या पूजेवर हसणं नाही, आणि लोक जिथे चपला काढतात तिथे आपण एक तर काढायच्या नाहीतर बाजूला उभं राहायचं. आमच्या मुलांना हे नवीन नव्हतं. केसलापूरची नागोबाची जत्रा आमच्या वाटेवर भरते, आणि गोंड शेजाऱ्यांच्या घरी कसं बसायचं हे ती लहानपणापासून शिकलेली आहेत.

मग मी यादी केली. मला याद्या करायला आवडतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात वीस वर्षं काढली की माणूस यादीशिवाय विचारच करू शकत नाही. पाणी कोण घेणार, औषधाचा डबा कुणाकडे, टॉर्च किती, प्रार्थना कोण घेणार, गाणं कोण सुरू करणार. शेवटी एक ओळ होती: सामानाजवळ कोण बसणार? मोठ्या बॅगा, अंथरुणं आणि शिधा घेऊन कुणी वर चढणार नव्हतं. बारीत कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि आम्ही उतरून येईपर्यंत डाळ-भात झाला तर बरं, असंही मला वाटलं. त्या ओळीपुढे मी एका मुलीचं नाव लिहिलं. हात जराही थांबला नाही.

तिचं नाव इथे लिहीत नाही. पंधरा वर्षांची आहे. आई-वडील हैदराबादला बांधकामावर असतात आणि ती आजीजवळ राहते. वर्गात शेवटच्या ओळीत बसते. तिचं घर आमच्या वस्तीच्या कुठल्या टोकाला आहे तेही लिहीत नाही, आपल्यापैकी प्रत्येकाला आपापल्या गावातलं ते टोक ठाऊक असतं. चर्चचा सण असला की ती सगळ्यांच्या आधी येते आणि सगळ्यांच्या नंतर जाते. मोठी पातेली तीच घासते. मी तिला कौतुकाने "आमची मार्था" म्हणत असे, आणि मला वाटायचं की मी तिचा मानच करते आहे.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. नार्नूरहून उटनूर, इंद्रवेल्ली, गुडिहत्नूर करत आदिलाबाद गाठलं आणि तिथून नंदीग्राम एक्स्प्रेस घेतली. नाशिकरोडला उतरलो तेव्हा अजून अंधार होता. आधीच ठरवलेल्या गाडीने घोटीमार्गे बारीला पोहोचलो. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेली सुट्टी होती, त्यामुळे रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग. तुम्ही जाणार असाल तर अशी सुट्टी टाळा, मधल्या वारी जा. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतो म्हणतात, पण तेव्हा शिड्या निसरड्या असतात आणि धुक्यात पुढचं माणूस दिसत नाही. नवख्या मुलांना हिवाळाच बरा.

पहिला दिवस विश्रांतीचा ठेवला होता. दुपारी भंडारदऱ्याला गेलो. प्रवरा नदीवरचं ते दगडी धरण इंग्रजांच्या काळातलं, १९२६ साली पुरं झालेलं. कडेम हे आमच्या भागातल्या मुलांना माहीत असलेलं धरण, पण इतक्या डोंगरांनी वेढलेलं पाणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं. काठावर बसून आम्ही १२१वं स्तोत्र वाचलं, डोंगरांकडे पाहून मदत कुठून येणार असं विचारणारं. फादर म्हणाले की, हे स्तोत्र यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचं आहे, त्यांनाही उद्या पाय दुखणार याची काळजी असेलच.

रात्रीचं जेवण बारीतल्या एका घरी होतं. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. आमची मुलं ज्वारीची भाकरी खाणारी, नागलीच्या काळ्या भाकरीकडे आधी संशयाने पाहिलं आणि मग दोन-दोन जास्तीच्या मागून घेतल्या. घरच्या मावशी चुलीपाशी बसून वाढत होत्या. जेवणं आटोपली, ताटं गोळा झाली, आणि मी सवयीने त्या मुलीला म्हटलं, "जा गं, मावशींना भांडी घासू लाग."

ती उठली. इतर दहा मुलं बसून होती. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या डोंगराची गोष्ट ठाव हाय का तुम्हाला?"

कळसूबाईची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. सांगणारा बदलला की थोडा फरक पडतो, पण गाभा एकच. कळसू ही कोळ्यांची मुलगी होती. ती एका घरी कामाला राहिली, पण राहताना अट घातली की, मी सगळं काम करीन, फक्त भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. बरेच दिवस सुरळीत गेले. एक दिवस घरी पाहुणे आले, कामाचा डोंगर पडला, आणि घरच्यांना दिलेला शब्द आठवला नाही. तिला भांडी घासायला लावली. तिने घासली. मग उठली, डोंगर चढून वर गेली आणि पुन्हा खाली आली नाही. तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. शिखराला तिचं नाव पडलं.

मावशींनी गोष्ट सांगितली आणि पुढे काही बोलल्या नाहीत. त्यांना मला टोमणा मारायचा होता की पाहुण्यांना नेहमी सांगतात तशी त्यांनी सांगितली, हे मला आजही कळलेलं नाही. मुलांना गोष्ट आवडली. एकाने विचारलं, "मग तिला जेवायला कोण द्यायचं वर?" सगळे हसले. ती मुलगी दारातल्या दगडावर उकिडवी बसून राखेने ताटं घासत होती. तिने गोष्ट ऐकली होती, कारण मधेच तिचा हात थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

मी उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. आता हे वाचताना कुणाला वाटेल की बाईंना लगेच जाणीव झाली. तसं नव्हतं. मी उठले कारण मावशींसमोर मला लाज वाटली. एवढंच. आम्ही दोघींनी मिळून भांडी घासली आणि एक शब्द बोललो नाही.

रात्री थंडी कडाक्याची होती. झोप येईना. माझी आई उटनूरला दोन घरची भांडी घासायची. त्या पैशातून माझी शाळा झाली, पुढे मी बी.ए. झाले. आई कुणाविषयी तक्रार करत नसे, पण एका घराविषयी एक वाक्य बोलायची: तिथे सण असला की मला बोलावणं येतं, पण पाटावर बसायला नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य बारीच्या त्या ओसरीवर माझ्या कानात स्पष्ट वाजलं. त्या घरचे लोक वाईट नव्हते. तेही माझ्या आईचं कौतुक करत. कदाचित त्यांनीही तिला एखादं लाडाचं नाव ठेवलं असेल.

दुसऱ्या दिवशी शिखरावर मी मुलांसमोर बोलणार होते ते रूपांतराविषयी, मत्तय १७. बॅटरीच्या उजेडात पुन्हा वाचायला घेतलं. येशू पेत्र, याकोब आणि योहान यांना घेऊन उंच डोंगरावर जातो. त्या डोंगराचं नाव शुभवर्तमानात नाही. परंपरेने आपण ताबोर मानतो. तो सहाशे मीटरही भरत नाही, कळसूबाईच्या तुलनेत अगदीच ठेंगणा. काही अभ्यासक हर्मोन म्हणतात, तो २,८०० मीटरच्या वर आहे. मी हीच माहिती टिपून ठेवली होती, मुलांना आकडे आवडतात. पण त्या रात्री मला पहिल्यांदा प्रश्न पडला की, उरलेले नऊ जण कुठे होते? ते खाली होते. आणि प्रभू उतरून येतो तेव्हा खाली काय चाललेलं असतं? एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन आलेला असतो, गर्दी असते, नऊ जणांना काही जमत नसतं. वर तंबू उभारायची भाषा चालू असताना खाली हा गोंधळ. मी इतकी वर्षं हा अध्याय शिकवला, पण नेहमी आठव्या-नवव्या वचनाला थांबून. वर गेलेल्यांचीच गोष्ट सांगितली. आणि त्या तिघांना प्रभूने नेलं होतं. माझी यादी मात्र मी केली होती, त्यात प्रभूचा हात नव्हता.

पहाटे चारला उठून मी मावशींना विचारलं, सामान तुमच्याकडे ठेवलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "ठेवा की. कोण नेतंय? मी कालच म्हणणार होते." इतकं सोपं होतं. पंधरा दिवस आधी एक फोन केला असता तरी हेच उत्तर मिळालं असतं. मी विचारलंच नव्हतं, कारण माझ्याकडे उत्तर तयार होतं.

मुलीला सांगितलं, "चल, तू पण येतेस." ती म्हणाली, "मग भात?" मी म्हटलं, "भात राहू दे." तिने पायांकडे पाहिलं. इतर मुलांनी बूट आणले होते. तिला वर यायचंच नव्हतं म्हणून तिने रबरी चपला आणल्या होत्या. फादरांच्या पिशवीत जाड मोज्यांचा एक जोड होता आणि एका मुलीचे जास्तीचे कॅनव्हासचे बूट निघाले, एक नंबर मोठे. मोजे घातल्यावर बसले.

पाचला निघालो. सुरुवातीला भातखाचरांच्या बांधावरून वाट जाते, कापणी झालेली, पायाखाली कोरडे खुंट. पायथ्याशी देवीचं एक देऊळ आहे. ज्यांना चढवत नाही ते तिथूनच नमस्कार करतात. ही सोय मला फार माणुसकीची वाटली. पुढे दगडांच्या पायऱ्या, मग पुन्हा मातीची वाट, मग थोडं सपाट. पहिला तास सगळे बडबडत होते, दुसऱ्या तासात फक्त श्वास ऐकू येत होते. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा आम्ही एका सपाटीवर टेकलो. गवत वाळून सोनेरी झालेलं, त्यावरून वारा जात होता. तिथे सकाळची प्रार्थना केली. ठरवलेली मोठी प्रार्थना झाली नाही, दम इतका लागला होता की "आमच्या स्वर्गीय पित्या" सुद्धा तीन ठिकाणी तुटली.

मग शिड्या. त्या सगळ्या सलग नाहीत, वाटेत अंतराअंतराने येतात. लोखंडाच्या, दोन्ही बाजूंना कठडा असलेल्या, पायऱ्या बऱ्यापैकी रुंद. बाजूच्या कातळात जुन्या पावठ्या दिसतात, त्या पाहिल्या की शिडी करणाऱ्याला मनोमन धन्यवाद द्यावेसे वाटतात. खरी भीती वेगळीच आहे. पायऱ्यांच्या फटींतून खालची दरी दिसते. ज्याला उंचीचं भय आहे त्याने वरच्या पायरीकडे पाहायचं, पायांकडे नाही. त्या दिवशी गर्दी इतकी की शिडीच्या मध्यावर पंधरा मिनिटं उभं राहावं लागलं. वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वाटेने, आणि प्रत्येकाला फोटो काढायचा. तिथेच आमचा एक मुलगा खाली बसला. वर्गात सर्वांत पुढे असणारा, दाविद आणि गल्याथाची गोष्ट अंगविक्षेप करून सांगणारा. कठड्याला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला आणि रडू लागला. मागून लोक ओरडायला लागले. माझ्या तोंडावर आलं होतं, "अरे, विश्वास कुठे गेला तुझा?" देवाची कृपा की दम लागल्यामुळे आवाज फुटला नाही.

ती मुलगी त्याच्या दोन पायऱ्या खाली होती. ती वर सरकली आणि त्याच्या पाठीला पाठ लावल्यासारखी दरीच्या बाजूला उभी राहिली, म्हणजे त्याला खालचं दिसेना. म्हणाली, "तू माह्या मागं नको पाहू. गोटा मोज." गोटा म्हणजे दगड. समोरच्या कातळातले दगड मोजायला लावले तिने त्याला. एक दगड, एक पायरी. एकतीस मोजल्यावर शिडी संपली. रोज डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी घेऊन ओढ्याची दरड चढणारी मुलगी ती. आमच्या तुकडीत डोंगर चढणं खऱ्या अर्थाने जिला येत होतं तिला मी भात शिजवायला ठेवणार होते.

शेवटच्या शिडीच्या खाली एक विहीर आहे. तिथे ताक, लिंबू सरबत आणि भजी विकणारे बसतात. माकडंही बसतात, विकणाऱ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन. माझा उजवा गुडघा तोपर्यंत सुजला होता. वरची रांग पाहिली, शिडी पाहिली, आणि माझ्याने ती चढवेना. फादरांना म्हटलं, तुम्ही मुलांना घेऊन जा, पिशव्या इथे राहू द्या, माकडं नेतील, मी बसते. मी प्रायश्चित्त म्हणून मागे थांबले असं लिहिलं तर लेखाला शोभेल, पण ते खोटं ठरेल. गुडघा दुखत होता आणि मला भीती वाटत होती. पिशव्यांच्या ढिगाशेजारी काठी घेऊन बसल्यावर मात्र मला माझी यादी आठवली आणि एकटीच हसले. ताकवाल्या बाईंनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, सामानाजवळ कोण बसणार ते ठरलं."

तासभर बसले. येणारे-जाणारे मला हात करत, "काकू, एवढंच राहिलं, चला!" शंभरेक लोकांनी तरी म्हटलं असेल. प्रत्येकाला वाटतं की खाली बसलेल्या माणसाला फक्त उत्तेजनाची गरज आहे. एका माकडाने फादरांच्या पिशवीतली बिस्किटं पळवली, ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. शिखर मी पाहिलं ते खालून, निळ्या आभाळात माणसांच्या आकृत्या हलताना. त्यात माझी मुलं कोणती ते ओळखू येत नव्हतं.

सगळ्यांत आधी तीच उतरली. येऊन शेजारी बसली. मी विचारलं, "काय पाहिलंस?" म्हणाली, "वर जागाच नाही टीचर. इतकुसं देऊळ. दोन-तीन माणसं मावतात." मग जरा वेळाने, "पाणी दिसते. काल गेलो होतो ते. एवढंसं दिसते." फादरांनी तिला किल्ल्यांची नावं सांगितली होती: अलंग, मदन, कुलंग, रतनगड. तिने ती चारही बरोबर सांगितली, शेवटच्या ओळीत बसून जी मुलगी वर्गात कधी उत्तर देत नाही तिने. वर माझ्याऐवजी मत्तय १७ कुणी वाचला, असं विचारलं. म्हणाली, "फादरनं मले वाचाले लावलं. लई वारा होता, कोणाले ऐकू नाही आलं."

उतरताना गुडघ्यामुळे मी सर्वांत मागे राहिले आणि ती माझ्याबरोबर थांबली. मी ते तिला सांगितलेलं नव्हतं. एका वळणावर मी म्हटलं, "बाळा, मी तुला मागे ठेवणार होते, ते चुकलं माझं. आणि काल रात्रीही." ती काही वेळ चालत राहिली. मग म्हणाली, "भांडे घासाले काय होते टीचर. घरी घासतोच. पण तुम्ही दरवेळी मलेच सांगता." आणि लगेच, "तिथं पाय नका ठेवू, गोटा हलते."

यावर मी काय बोलणार? मी तिचा हात धरून तो हलणारा दगड ओलांडला.

पायथ्याशी आलो तेव्हा दुपार झाली होती. चढायला साडेतीन तास लागले होते, गर्दी धरून. उतरायला तेवढेच, माझ्यामुळे. जाणाऱ्यांसाठी सांगते: माणशी दोन लिटर पाणी हवंच, टोपी हवी, उतरण्यासाठी काठी हवी, आणि ज्यांचे गुडघे चाळिशीत पोहोचले आहेत त्यांनी उतरणीला घाबरावं, चढणीला नाही. प्लास्टिक खाली आणा. जाण्याआधी महिनाभर रोज चालायला लावा. आणि यादी करताना शेवटची ओळ दोनदा वाचा.

परत आल्यावर धर्मग्रामाच्या सणाची तयारी सुरू झाली. जेवणाची यादी मीच करते. या वेळी भांड्यांपुढे चार नावं लिहिली: माझं, शिडीवर बसलेल्या मुलाचं, आणि आणखी दोन मुलांचं. सणाच्या दिवशी आम्ही चौघांनी नारळाची शेंडी आणि राख घेऊन ती मोठी पातेली घासली. मुलांना येत नव्हतं, निम्मं पाणी अंगावर आणि डाळीचा थर तळाला तसाच. त्यांना हसू येत होतं, मला राग. दुसऱ्या दिवशी एका मुलाची आई घरी आली. शांतपणे बोलली, पण बोलली: "टीचर, आमच्या पोराला सगळ्यांदेखत भांडी घासायला बसवलं. त्या कामाला ती होती ना?" मी त्यांना चहा दिला आणि योहानाच्या तेराव्या अध्यायाविषयी काहीतरी सांगू लागले, पाय धुण्याविषयी. त्या म्हणाल्या, "ते ठाऊक आहे हो मला." आणि चहा अर्धा ठेवून गेल्या.

पुढच्या सणाची यादी चर्चच्या दारातल्या फळ्यावर लावली आहे. त्यातली दोन नावं कुणीतरी पेनाने खोडली आहेत. मी ती पुन्हा लिहिली आहेत. त्या मुलीचं नाव भांड्यांपुढे नाही, पत्राच्या वाचनापुढे आहे. रोज संध्याकाळी ती सरावाला घरी येते. बाकी सगळं वाचते, पण "थेस्सलनीकाकरांस" या शब्दाशी येऊन अडते. काल तिने तो तीन तुकड्यांत म्हटला, एकेका तुकड्याला थांबत, शिडीवर दगड मोजल्यासारखा.